मासळीच्या पिकअपची चेसी: बंदीच्या काळातल्या प्रकल्प नोंदी

२ जून

काल मासेमारी बंदी लागली आणि आज पिकअप शेडमध्ये आली. गाडी नऊ वर्षांची. सगळं आयुष्य मिरकरवाडा बंदर ते कोल्हापूर, आंबा घाट चढून-उतरून गेलेलं. हौद्यात बर्फात दाबलेली मासळी आणि खाली सतत टपकणारं खारं पाणी.

मालक चाचांची मागणी सरळ आहे. मागचा भाग सडलाय, तिथे पट्टी मारा, वर काळं मारा, ऑगस्टच्या पहिल्या फेरीला गाडी लागली पाहिजे. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, तोही तेव्हाच आहे.

बंदरावरच्या कितीतरी पिकअपची हीच अवस्था आहे. दर पावसाळ्यात त्यांना पट्ट्या लागतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच पट्टीच्या कडेला चीर येते. या वेळी दोन महिने हातात आहेत. चाचांना म्हटलं, गाडी पूर्ण उघडू, मोजू आणि मग ठरवू. ते तयार झाले, पण खर्चाचा आकडा आधी सांगायचा या अटीवर. अट रास्त आहे.

३ जून

दिवसभर फक्त धुणं. गोड्या पाण्याचा प्रेशर पंप लावून हौद्याखालचा चिखल, खवले, बर्फाबरोबर आलेला भुसा सगळं काढलं. चिखल हा चेसीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, मोठा शत्रू आहे. फ्लँजच्या (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीच्या) आतल्या कोपऱ्यात तो साचतो आणि वरून कोरडा दिसला तरी पत्र्याला लागलेला थर ओलाच राहतो. त्यात मीठ असलं की विचारायलाच नको. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते याहून कितीतरी कोरड्या हवेतसुद्धा ओलं राहतं. म्हणजे किनाऱ्यावर आत मीठ अडकलेली चेसी ‘सुकली’ असं वर्षातून फारच थोडे दिवस म्हणता येईल.

आयटीआयचा शिकाऊ पोरगा विचारत होता, पाणी तर रोज मारतात, मग मीठ राहतं कुठे? त्याला क्रॉस मेंबरच्या (चेसीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) सांध्यात पातळ पाती घालून दाखवली. दोन पत्र्यांच्या फटीत पाती गेली आणि बाहेर आली ती तपकिरी चिखल घेऊन. पाइपचं पाणी तिथे पोचत नाही. खारं पाणी मात्र थेंबाथेंबाने, नऊ वर्षं सावकाश झिरपून पोचलेलं आहे.

५ जून

हौदा उतरवला. चेसी चार स्टँडवर, चाकांच्या रेषेत टेकवून, पाण्याच्या नळीने लेव्हल केली. कर्ण मोजले, फरक तीन मिलिमीटरचा. नऊ वर्षं घाटात काढलेल्या गाडीला हे चांगलंच म्हणायचं. चेसी वाकलेली नाही, ती फक्त खाल्ली गेली आहे.

बोटींचं सर्व्हे करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक मीटर आणलं. बोटीच्या पत्र्याला जे लागतं तेच इथे लागतं: एक ठिपका ग्राइंड करून चकचकीत करायचा, जेल लावायची, प्रोब टेकवायचा. हातोडीच्या आवाजावरून अंदाज येतो, पण आवाजाने हिशोब करता येत नाही.

लाँग मेंबर, म्हणजे चेसीचा लांबीभरचा बीम, उघड्या सी आकाराचा. उंची १४० मिमी, फ्लँज ६० मिमी, पत्रा मुळात ४ मिमी. केबिनमागे ३.९ भरला, जवळजवळ नवाच. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा चेसीला टांगतात त्या ब्रॅकेटजवळ, ३.४. ॲक्सलवर चेसी जिथे उचलली आहे तिथे डाव्या बाजूला वेब (सीची उभी बाजू) ३.० आणि खालची फ्लँज २.४. मागच्या क्रॉस मेंबरच्या सांध्याला १.६, आणि त्याच्या शेजारी सेंटर पंचने टोचलं तर पंच आरपार.

उजवी बाजू याच जागी ३.३ ते ३.५ आहे. डावीच का गेली? रस्त्याला कडेकडे उतार असतो, गाडी चालताना आणि उभी असताना डावीकडे कलते, हौद्यातलं पाणी डाव्या कडेला जमून तिथूनच गळतं. बंदरावर रांगेत तासन्‌तास उभी असते तेव्हाही तेच. बंदरावरच्या दुसऱ्या दोन गाड्यांच्या खाली शिरून पाहिलं, तिथेही डावी बाजूच जास्त खराब.

६ जून

आज हिशोब. शिकाऊ पोराला शेजारी बसवून केला, कारण पुढे त्यालाच हे करायचं आहे.

पत्रा ४ चा ३ मिमी झाला तर काय होतं? वाकण्याविरुद्धची ताकद साधारण जाडीच्या प्रमाणात उतरते. या मापाच्या सीला २३ टक्के घट येते. तेवढ्याच वजनाला ताण १.३ पट होतो. ऐकायला फार वाटत नाही. पण वेल्डच्या जागी थकव्याचं आयुष्य, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा येऊन चीर पडेपर्यंतचा काळ, ताणाच्या तिसऱ्या घाताने घटतं, म्हणजे ते निम्म्याहूनही खाली आलं.

पिळाचं गणित याहून वाईट. उघड्या पत्र्याचा पिळाविरुद्धचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घातावर चालतो. ४ चा ३ झाला की ५८ टक्के गेला. एका बाजूचं चाक खड्ड्यात, दुसरं वर, आंबा घाटाच्या वळणावर भरलेला हौदा, म्हणजे निव्वळ पीळ. चिरा नेहमी हँगरच्या आणि क्रॉस मेंबरच्या सांध्याजवळच का सापडतात, त्याचं उत्तर इथे आहे. उघडा सी पिळायला मोकळा असतो आणि क्रॉस मेंबर त्याला अडवतो. ही ओढाताण सांध्यावर येते, आणि पाणीही सांध्यातच बसतं.

हे सगळं कोरड्या हवेतलं गणित झालं. पोलादाला सुक्यात एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी चीर सुरू होत नाही. खाऱ्या पाण्यात ही मर्यादाच उरत नाही. गंजाचा प्रत्येक खड्डा चिरेची सुरुवात ठरू शकतो. म्हणून ‘ताकदीला किती पाहिजे’ आणि ‘गंजाला किती द्यायचं’ हे प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर सोडवता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण गॅरेजमध्ये हा गैरसमज पक्का बसलाय. जास्त ताकदीचं पोलाद म्हणजे न गंजणारं पोलाद नव्हे. उलट हल्लीच्या चेसीला जास्त ताकदीचं पोलाद वापरून पत्रा पातळ केलेला असतो, वजन वाचतं म्हणून. गंज मात्र ग्रेड विचारत नाही. सहा मिमीच्या जुन्या चेसीतला एक मिलिमीटर गेला तर सहावा हिस्सा जातो, चार मिमीतला गेला तर चौथा. आणि कडकपणा तर ग्रेडने वाढतच नाही, सगळ्या पोलादाचा लवचिकतेचा मापांक जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास.

९ जून

हौद्याच्या खालचं लाकूड काढलं. हौद्याचे आडवे चॅनेल आणि चेसी यांच्यामध्ये लाकडी पॅकिंगची लांबच लांब पट्टी असते, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. कल्पना चांगली आहे, कोरड्या मुलखात ठीक चालतेही. इथे तीच पट्टी नऊ वर्षं खारं पाणी पिऊन बसली होती. पिळली तर पाणी निघालं, धुऊन सहा दिवस झाले तरी. तिच्याखालची वरची फ्लँज बाहेरून दिसत नव्हती, मीटर २.७ दाखवतोय. खपल्या हाताने निघाल्या.

हौद्याची फरशी ॲल्युमिनियमच्या चेकर्ड प्लेटची, लोखंडी चॅनेलवर थेट रिबीट मारलेली. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचं जमत नाही, ॲल्युमिनियम खाऊन रिबीटची भोकं मोठी झालीत. तीच भोकं मग गळतात. गळतं ते लाकडावर, लाकडातून फ्लँजवर, फ्लँजवरून वेबच्या कोपऱ्यात, तिथून क्रॉस मेंबरच्या फटीत. आज पाण्याची ही वाट खडूने चेसीवर आखून ठेवली. माझ्या मते या प्रकल्पाचं खरं ड्रॉइंग हेच आहे. वेल्डिंग त्यानंतरचं.

१० जून

चाचा पाहायला आले. खडूच्या रेषा बघून म्हणाले, “भाऊ, मला पाण्याचं नको सांगू, लोखंडाचं सांग. सहा एमएमचा पट्टा आतून टाक, चेसी डब्बल कर. बंदरावर सगळे तेच करतात.”

म्हटलं, “चाचा, बसा जरा. तुमच्याच गाडीवर दाखवतो.”

उजव्या बाजूला तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी मारलेला पट्टा आहे, हँगरच्या मागे आतून बसवलेला, दोन्ही टोकं सरळ कापलेली. पट्ट्याच्या टोकाला लागूनच मूळ चेसीत केसासारखी चीर. कारण सोपं आहे. पट्ट्याचा भाग एकदम कडक झाला, पुढचा भाग पूर्वीइतकाच लवचीक राहिला. सगळं वाकणं त्या एका रेषेवर येऊन पडलं, आणि तिथेच फ्लँजवर आडवं वेल्ड. पट्टा उचकटून दाखवला. मध्ये तांबड्या भुकटीचा थर, आणि त्या थराने पट्टा मधोमध बाहेर फुगवलेला. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मध्ये तो तयार झाला की जॅक लावल्यासारखा ते फाकवतो.

चाचा बराच वेळ बोटाने ती भुकटी चोळत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ताकद द्यायला गेलो आणि पाणी कोंडलं.” यापेक्षा नीट मलाही मांडता आलं नसतं.

१२ जून

दुसरा पर्याय: सी बंद करून पेटी करायची. आमचा वेल्डर याच्या बाजूने आहे आणि ताकदीच्या दृष्टीने त्याचं म्हणणं भक्कम आहे. हिशोब करून पाहिला. आपल्या मापाच्या उघड्या सीचा पिळाविरुद्धचा स्थिरांक साधारण ५,५०० येतो, मिलिमीटरच्या चौथ्या घातात. त्याच मापाची बंद पेटी केली तर २४ लाख. चारशे पटींहून जास्त! पूर्ण चेसीत फरक एवढा राहत नाही, कारण क्रॉस मेंबर आणि सांधे आपला हिस्सा घेतात. तरीही पेटी ही पिळाला फार मोठी गोष्ट आहे. म्हणून तर फोर्डने २००४ च्या एफ-१५० ला पूर्ण पेटीची चेसी दिली.

पण पेटीची आतली बाजू कोण रंगवणार? कारखान्यात अख्खी चेसी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवतात, तो आतही पोचतो, शिवाय वॅक्स घालता येतं. आमच्या शेडमध्ये पट्टा वेल्ड केला की आतला प्रायमर त्याच उष्णतेने जळणार. बाहेरून भक्कम आणि आतून उघडं लोखंड. भोकं ठेवली तर खारं पाणी आत जाणार, बंद केली तर एखाद्या सुईएवढ्या वेल्डच्या छिद्रातून दमट हवा जाणार. आणि हे सगळं डोळ्याआड.

इथे टोयोटाचं प्रकरण आठवतं, कारण त्याहून मोठा धडा या विषयात नाही. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे टॅकोमा पिकअपच्या चेसी सडू लागल्या. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० सालच्या टॅकोमांसाठी गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि आरपार सडलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. २००९ मध्ये २००० ते २००३ च्या सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा थंड प्रदेशांतल्या राज्यांतून परत बोलावल्या. तिथे मागचा क्रॉस मेंबर सडून त्याला टांगलेली स्टेपनी रस्त्यावर पडण्याचा धोका होता. पुढे २०१६ मध्ये, चूक मान्य न करता, कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांबाबत तडजोड केली, तिची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. चेसी बदलून द्यायची कसोटी काय, तर १० मिमी किंवा त्याहून मोठं भोक. तक्रारीचा रोख पत्र्याच्या जाडीवर नव्हता, गंजरोधक थर अपुरा असल्यावर होता. पहिल्या दिवशी पुरेशी ताकद असलेली चेसी दहाव्या वर्षी पुरेशी राहते का, हा प्रश्न ड्रॉइंगवर असतानाच विचारायचा असतो.

स्टेपनीचं वाचून लगेच खाली जाऊन पाहिलं. आपल्याही गाडीची स्टेपनी त्याच १.६ च्या क्रॉस मेंबरला टांगलेली होती. आज काढून बाजूला ठेवली.

२००७ च्या टुंड्राची चेसी मला या कामासाठी विचार करण्याजोगी वाटते: पुढे बंद पेटी, केबिनखाली जोड देऊन भक्कम केलेला सी, हौद्याखाली उघडा सी. जिथे जे हवं तिथे ते. आपणही हौद्याखाली सी उघडाच ठेवायचा. जे दिसतं ते धुता येतं, रंगवता येतं, मोजता येतं. मासळीच्या गाडीला हे चारशे पटींपेक्षा मोलाचं आहे. वेल्डरला पटलं नाही पूर्ण, पण तो काम करायला तयार आहे.

१३ जून

ठरलेलं काम:

डाव्या लाँग मेंबरचा मागचा भाग, ॲक्सलच्या थोडा पुढून शेपटापर्यंत, नवा. जाडी ४ मिमीच, जास्त नाही. मागचा क्रॉस मेंबर नवा. उजवीकडचा जुना पट्टा काढून चीर दुरुस्त. हौद्याचं पाणी चेसीवर पडणारच नाही अशी व्यवस्था. मग रंग.

खर्चाचा कागद चाचांना दिला. पट्टीच्या कामापेक्षा पुष्कळ जास्त आहे, त्यांनी दोन हप्ते मागितले, ठीक आहे म्हटलं. चेसी नंबर पुढच्या उजव्या बाजूला कोरलेला आहे, त्यावर ग्रीस लावून कापड गुंडाळलं. त्या बाजूला ग्राइंडर जाणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. आपण लांबी, माप, रचना काहीच बदलत नाही, मूळ होतं तसं परत करतोय.

१७ जून

पत्रा कोल्हापूरहून आला. दुकानदार साधा स्ट्रक्चरल चॅनेल गळ्यात मारत होता, ई २५०, म्हणजे २५० मेगापास्कलला कायमचा वाकणारा. चेसीचं मूळ पोलाद याच्या बरंच वर असतं. तो लावायचा तर जाडी वाढवावी लागणार, आणि मग पुन्हा पट्ट्याच्या टोकासारखीच कडकपणाची पायरी येणार. आयएस २०६२ या भारतीय मानकातलाच ई ४१० चा (४१० मेगापास्कलचा) पत्रा चाचणीच्या कागदासह मागवला आणि प्रेसवर सी वाकवून घेतला. आतला कोपरा गोल ठेवायला सांगितला होता, तसाच आला आहे. तीक्ष्ण कोपऱ्यात पत्र्याला वाकवतानाच चीर पडू शकते, आणि पाणीही तिथेच धरतं.

२० ते २७ जून

कापणं आणि जोडणं. धो धो पाऊस, शेडच्या एका बाजूला ताडपत्री.

जोड वेबमध्ये ४५ अंशांत तिरका घेतला, म्हणजे वेल्डची पूर्ण लांबी एकाच उभ्या छेदात येत नाही. जागा हँगर आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणूनचा रबरी ठोकळा) दोन्हींपासून दूर. कडा व्ही आकारात घासल्या, मध्ये अडीच मिमी गॅप. बॅटरी सोडली, अर्थिंगचा क्लँप जोडाच्या शेजारीच. ७०१८ चे (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये भाजून गरम गरम वापरले. या हवेत उघड्या पाकिटातला रॉड म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन घालणं, आणि त्याने वेल्डला मागाहून चीर जाते. वेल्डर आधी कुरकुरला, पण पहिल्याच धावेचा फरक त्यालाच दिसला. त्याचा हात फार सुंदर आहे, हे लिहायलाच हवं.

फ्लँजवरचं वेल्ड दोन्ही बाजूंनी घासून पत्र्याच्या पातळीत आणलं. वर मजबुतीची प्लेट? फक्त वेबवर, लांबट पतंगाच्या आकाराची, टोकं निमुळती. कडेने पूर्ण सील वेल्ड, म्हणजे फट नाही. फ्लँजवर एकही जादा वेल्ड नाही, एकही नवं भोक नाही. वाकण्याचा सगळ्यात मोठा ताण फ्लँजवर असतो आणि वेबच्या मध्यावर तो जवळपास नसतोच. भोकं, ब्रॅकेट, वायरिंगचे क्लिप सगळं वेबच्या मधल्या पट्ट्यात.

उजवीकडच्या चिरेच्या टोकाला आधी बारीक ड्रिल मारून तिला थांबवली, मग पूर्ण खोदून भरली. चीर उरली का ते बघायला लाल डाय मारून, पुसून पांढरी पावडर टाकली; चिरेत डाय शिरला असेल तर लाल रेघ उमटते. डाव्या जोडात स्वच्छ, उजवीकडे एक लाल रेघ उमटली. पुन्हा खोदलं, पुन्हा भरलं, आता स्वच्छ.

३० जून

ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने कणांचा मारा करून गंज उडवणं. बोटींचं काम करणारा माणूस त्यासाठी कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतल्या मळीचे कण) घेऊन आला. सुकी वाळू नको म्हणून आधीच सांगितलं होतं; त्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात. संध्याकाळपर्यंत चेसी राखाडी, एकसारखी, बघत राहावं अशी. पण रंग लावला नाही, मुद्दाम रात्रभर दमट हवेत ठेवली.

१ जुलै

सकाळी अपेक्षेप्रमाणे उजव्या मेंबरवर काळपट ठिपके. ज्या खड्ड्यांत मीठ उरलंय तिथेच ते फुटतात, बाकी पृष्ठभागावर फक्त फिकट तांबूस झाक. गोड्या पाण्याने प्रेशरने धुतलं, गरम हवेने सुकवलं, ठिपक्यांवर पुन्हा ब्लास्टिंग. रंगाखाली मीठ राहिलं तर रंगातून झिरपणारी वाफ तिथे जमते आणि आतून फोड येतात. मग रंग कितीही महागाचा असो.

२ ते ५ जुलै

रत्नागिरीतल्या जुलैत रंगकाम म्हणजे हवेशी वाटाघाट. आर्द्रता नव्वदीच्या आसपास. नियम असा की ८५ टक्क्यांच्या वर रंगवायचं नाही आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर हवं. चेसीभोवती प्लास्टिकचा तंबू केला, आत हॅलोजन आणि पंखा. पोरगा दर तासाला तापमान आणि आर्द्रता वहीत लिहीत होता, रात्री सुद्धा.

आधी ग्राइंडरने सगळ्या कडा गोल केल्या. तीक्ष्ण कडेवरून रंग सुकताना मागे सरकतो, म्हणून गंज नेहमी कडेपासून सुरू होताना दिसतो. मग झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर. त्यानंतर कडा, वेल्ड आणि बोल्टची भोकं ब्रशने हाताने रंगवली, आणि त्याच्यावर सगळीकडे इपॉक्सीचे दोन थर. क्रॉस मेंबर गॅल्वनाइझ करायचा विचार होता. साडेचारशे अंशांच्या जस्तात बुडवून काढलेल्या या जाडीच्या कामावर ७० मायक्रॉनचा जस्ताचा थर मिळतो आणि ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजून लोखंड वाचवतं. पण घाटावर पाठवून परत यायला लागणारा वेळ बसत नाही. फक्त ८.८ ग्रेडचे, जास्त ताकदीचे बोल्ट गॅल्वनाइझ्ड घेतले.

डांबरी काळं मारायचं नाही, हे चाचांना पुन्हा सांगितलं. नवं असताना छान दिसतं. एका दगडाने फुटलं की आत पाणी शिरतं आणि त्याच्या जाड थराखाली काय चाललंय ते कळतच नाही. जुनं इंजिन ऑइल फवारायची पद्धतही आहे इकडे. पाणी काही दिवस हटतं हे खरं, पण ते बुश आणि ब्रेकच्या रबरावर जातं आणि पहिल्या सरीबरोबर ओढ्यात.

८ जुलै

क्रॉस मेंबर बसवला. दोन्ही मिळत्या बाजूंना आधी पूर्ण रंग, मध्ये पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, रिबीटऐवजी घट्ट मापाचे बोल्ट टॉर्क रेंचने. सीलंट कडेने बाहेर आलेलं पुसून उतार दिला. पाती आता आत जात नाही.

१२ ते १९ जुलै

हौदा. चेकर्ड प्लेट काढून फरशी डाव्या-मागच्या कोपऱ्याकडे उताराची केली. तिथे एकच निचरा, त्याला होज पाइप, तो चेसीच्या बाहेरून खाली टाकीत. टाकी बंदरावर किंवा मार्केटात रिकामी करायची, म्हणजे घाटभर रस्त्यावर मासळीचं पाणी सांडत जाणार नाही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यांसाठीही ते बरं.

लाकडाच्या जागी एचडीपीईचे (कडक, पाणी न शोषणाऱ्या प्लास्टिकचे) तुकडे, प्रत्येक आडव्या चॅनेलखाली एक, मध्ये मोकळी जागा. वजन पूर्वीसारखंच पसरतं आणि पाणी, हवा, पाइपचं धुणं आरपार जातं. मागच्या मडगार्डच्या वर चिखल साचायचा खिसा होता, तिथे रबरी पडदा लावला.

२३ जुलै

भार घालून पाहिला. बर्फाच्या क्रेटमध्ये पाणी भरून कागदावर लिहिलेली क्षमता जेवढी तेवढंच वजन, त्याहून जास्त नाही. चेसीच्या खाली दोरी ताणून मध्यावरचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजलं. दोन्ही बाजू एकमेकींच्या एक मिमीत. मग मागचं एक चाक १५० मिमीच्या ठोकळ्यावर चढवून केबिन आणि हौदा यांच्यातली फट चारी कोपऱ्यांवर मोजली, तेच दुसऱ्या चाकाला. दोन्हीकडे सारखा पीळ. म्हणजे नवी बाजू जुनीपेक्षा कडकही नाही, ढिलीही नाही. मला हेच हवं होतं. भार उतरवल्यावर जोडांवर पुन्हा डाय, दोन्ही स्वच्छ.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याविषयी चाचांशी स्पष्ट बोललो. “सीझनला सगळेच भरतात,” म्हणाले. म्हटलं, “चाचा, दीडपट भरलात तर वेल्डचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येतं. माझं काम त्या हिशोबाने केलेलं नाही.” ते गप्प राहिले, नाही म्हणाले नाहीत.

३१ जुलै

गाडी दिली. केबिनमध्ये लॅमिनेट केलेला कागद अडकवला आहे: प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने कुठे कुठे पाइप मारायचा, डावी बाजू आधी. निचऱ्याचा पाइप तुंबलाय का बघायचं. रंगाला ओरखडा दिसला तर त्याच आठवड्यात आणायचा.

राहिलेलं काम: पुढचे हँगर दोन्ही बाजूंना ३.४ वर सोडले आहेत. बदलायची गरज आज नाही, पण त्यांच्या रिबीटखाली काय आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही. जाडी मोजलेल्या सगळ्या जागांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि नंबर टाकलेत, आकडे वहीत. दिवाळीनंतर आणि पुन्हा एप्रिलात त्याच ठिपक्यांवर मीटर लावायचं. हँगरजवळ ३.२ च्या खाली गेलं तर पुढच्या बंदीत पहिलं काम ते. बंदरावरच्या आणखी एका पिकअपचा मालक परवा चेसी दाखवून गेला. त्याला आधी लाकूड काढून आण म्हणून सांगितलं आहे.